रकान्याचं बारसं

माणसानं निवृत्तीनंतर काय करू नये याची यादी मला कुणी मागितली, तर पहिल्या क्रमांकावर मी 'वाचनालयाचं संगणकीकरण' असं लिहीन. दुसरा क्रमांक रिकामा सोडीन, कारण पहिलं केल्यावर दुसरं काही करायला माणूस शिल्लक राहत नाही.

मी राजेंद्र हिवराळे. तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून सुटलो आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या लहानशा वाचनालयाचा मानद चिटणीस झालो. मानद म्हणजे चहा आपल्या घरून आणायचा. पण तक्रार नाही. वेरूळजवळच्या खेड्यातून शिकायला या शहरात आलो तेव्हा याच वाचनालयानं मला पहिलं कार्ड दिलं. ओळख ना पाळख, सोबत कुणी नाही, तरी तेव्हाच्या खरात मास्तरांनी माझ्या चेहऱ्यावरची हुशारी हेरली आणि कार्ड लिहून दिलं. ही हकीगत मी दर वार्षिक सभेत सांगतो. सभासदांना ती पाठ आहे. 'हेरली' हा शब्द आला की मागच्या रांगेतले लोक चपला शोधायला लागतात.

तर संगणकीकरण. कंपनीकडून मोनाली नावाची मुलगी आली. कामात वाघीण. दोन तासांत तिनं यंत्र चालू केलं आणि म्हणाली, "सर, एका घरातली खाती एकमेकांना जोडता येतात. एकाचा फोन नंबर, तो सभासद नसला तरी चालतो, बाकीचे त्याला जोडलेले. पुस्तक नेलं, पुस्तक थकलं, सगळे मेसेज त्या एकालाच जाणार. फक्त या दोन रकान्यांना नावं द्यायचीत. वरच्याला काय म्हणायचं आणि खालच्याला काय, ते प्रत्येक वाचनालय आपापलं ठरवतं."

बत्तीस वर्षं मी रेशनकार्डं तपासली आहेत. झोपेत जरी विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. "वर कुटुंबप्रमुख, खाली आश्रित."

"आश्रित?" मोनालीची बोटं थांबली. "जरा कसं तरी वाटतं, सर."

"शासकीय शब्द आहे," मी म्हणालो. या वाक्यापुढे आमच्या खात्यात कुणी बोलत नसे. तीही बोलली नाही. शब्द टाकला, 'जतन करा' दाबलं, आणि माझ्या अधःपतनाची व्यवस्था चोख झाली.

मग बारा दिवस वाचनालय बंद ठेवलं. दाराला 'संगणकीकरणामुळे बंद' अशी पाटी लावली आणि चारशे बारा सभासद मी एकट्यानं यंत्रात भरले. कोण कुणाचा कोण, हे कसं ठरवायचं? प्रत्येकाच्या अर्जाला पत्त्याचा पुरावा म्हणून रेशनकार्डाची झेरॉक्स होतीच. ती समोर ठेवली आणि जसंच्या तसं उतरवलं. आता नव्या रेशनकार्डांवर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते, हे मला ठाऊक होतं. पण कागदापुढे मी कधी स्वतःची अक्कल चालवली नाही, म्हणून तर माझी एकही चौकशी झाली नाही. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांनी अर्जात ज्याचा नंबर दिला होता त्याच्या खाली त्यांना बसवलं. काम झालं. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

वाचनालय उघडलं सोमवारी सकाळी. पहिला फोन आला दुपारी.

फोन होता आमच्या अध्यक्षांचा, कडुबा पाटलांचा. चितेगावला बावीस एकर बागायत, राहायला उस्मानपुऱ्यात, आवाज दोन्हीकडे ऐकू जाईल असा.

"हिवराळे, आश्रित कोन?"

"भाऊ, काय झालं?"

काय झालं होतं ते असं. सहा वर्षं कडुबाभाऊ रोज सकाळी 'वाचनालयात पोथी वाचतो' असं सांगून घरून निघत. त्या दुपारी त्यांच्या पत्नी केसरबाईंच्या फोनवर मेसेज आला होता: 'आपले आश्रित कडुबा यांनी "काळ्या बंगल्यातला सातवा खून" हे पुस्तक नेले आहे.'

"भाऊ, रेशनकार्ड वहिनींच्या नावावर आहे..."

"रेशनकार्ड तिच्या नावावर हाय! म्या नाय!"

मागून फोन हिसकावल्याचा आवाज आला आणि केसरबाई बोलू लागल्या. "साहेब, लई झ्याक काम केलं तुम्ही. असंच कळवत जा. आधीचे सहा खून कधी वाचले तेबी निघंल का त्याच्यात?"

घरी आलो तर तिथं माझीच वाट पाहणारं प्रकरण होतं. इथं मला एक कबुली द्यायची आहे. चारशे बारा सभासदांत फक्त एका ठिकाणी मी कागद बाजूला ठेवला होता, आणि ते ठिकाण म्हणजे माझं घर. आमच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख संध्या आहे. ती मुख्याध्यापिका आहे, अजून नोकरीत आहे, घर तिच्या पगारावर चालतं आणि मी तिच्या शिस्तीवर. तरीही यंत्रात मी मला वर घेतलं आणि तिला खाली. चिटणिसाची काही पत असते. रात्री जेवताना मी मोठ्या कौतुकानं माझ्या फोनवरचा मेसेज वाचून दाखवला: 'आपल्या आश्रित संध्या यांनी "मधुमेह आणि आहार" हे पुस्तक नेले आहे.'

संध्यानं वरणाचा डाव खाली ठेवला.

"आश्रित," संध्या म्हणाली.

"शासकीय शब्द..."

"वरण हातानं वाढून घ्या. आश्रितानं कुटुंबप्रमुखाच्या भांड्याला हात लावू नये."

दुसऱ्या दिवशी मोनिका नावाची एक विद्यार्थिनी सभासद आली. ही आणि हिची मैत्रीण वाचनालयामागच्या गल्लीत एक खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. "सर, आमच्या दोघींत एकच फोन चालू आहे, म्हणून खाती जोडायची होती. पण कुटुंबप्रमुख कोण? आम्ही नाणं उडवून पाहिलं. जी हरली ती आश्रित व्हायला तयार नाही. आणि मुळात आम्ही कुटुंब आहोत का?" हा प्रश्न माझ्या बत्तीस वर्षांच्या सेवेत कुणी विचारला नव्हता. मी तिला उद्या यायला सांगितलं. सरकारी नोकरीचा हा एक गुण अंगात अजून शाबूत आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गुरुवारी संध्याकाळी मनकर्णामावशी आल्या.

मनकर्णामावशींनी पस्तीस वर्षं हे वाचनालय झाडलं. चाळिशी उलटल्यावर याच हॉलमधल्या साक्षरता वर्गात अक्षर शिकल्या, आणि काम सुटल्यापासून रोज येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचतात. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, दिवसाला दोन पानं. जाताना सगळी वर्तमानपत्रं तारखेवार घडी करून ठेवतात, ते काम कुणी सांगितलेलं नाही. थकलेलं पुस्तक त्यांना सहन होत नाही. झाडत असत तेव्हाही पुस्तक थकवणाऱ्याला दारातच अडवून विचारायच्या. मी विद्यार्थी असताना तर माझ्या खोलीवर चालत यायच्या. "राजू, आज तारीख हाय. पुस्तक काढ." इतरांच्या खोलीवर जात नसत, माझ्याच का येतात याचा मला तेव्हा भारी राग यायचा. मी कॉलेजात शिकणारा माणूस, आणि दोस्तांसमोर झाडूवाल्या बाईनं माझी तारीख काढावी! ते वयच तसं होतं. आज त्या वयातला मी भेटलो तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन.

मावशींकडे फोन नाही. अर्जात त्यांनी मुलाचा, सांडूचा नंबर दिला होता. सांडू चितेगावला कंपनीत आहे, राहतोही तिकडंच. यंत्रानं त्याला कळवलं: 'आपल्या आश्रित मनकर्णाबाई यांच्याकडील पुस्तक नऊ दिवस थकीत आहे.' पोरगं घाबरून ड्यूटी सुटल्याबरोबर मोटारसायकलवर आलं. आता तो हेल्मेट हातात धरून आईच्या मागं उभा होता.

मावशींनी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यावर कार्ड ठेवलं.

"हे घे तुहं पुस्तक."

"मावशी, वाचून झालं?"

"तीस पानं राहिली. बोट वादळात हाय. राहू दे तशीच." ते एका खलाशाच्या सफरीचं जाडजूड पुस्तक होतं. मावशींनी समुद्र पाहिलेला नाही. दर पंधरा दिवसांनी तारीख वाढवून घेत उन्हाळ्यापासून त्या बोटीबरोबर निघाल्या होत्या.

"अहो, चूक यंत्राची..."

"यंत्राला कुणी सांगितलं? तारखेच्या दिवशी म्या आले, तुह्या दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी आले, कुलूप. मंग उघडलं कवा, ते मला कोनी सांगितलं? पस्तीस वर्सं म्या लोकाचे पुस्तकं वापस आनले, माह्या नावावर एक दिवस थकीत नाय. अन् तू माह्या पोराला कळवतो, तुही माय पुस्तक दाबून बसली?"

"काका, म्या फक्त इचारलं हिला..." सांडू म्हणाला.

"तू गप." मग माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "अन् ते आश्रित काहून लिवलं रे? माहे मालक धोंडिबा गेले तवा हा चार वर्साचा व्हता. कोन कुनाच्या आश्रयाला व्हतं? म्या जन्मात कुनाची आश्रित नाय झाले. त्येच्यापायी तर येवढं झाडलं."

त्या गेल्या. मी 'मावशी, मावशी' करत दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. वर्तमानपत्रं पसरलेली पडून राहिली. मला अतिशय वाईट वाटलं, आणि ते यंत्रात कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

मी मोनालीला फोन केला. "तो शब्द काढून टाका."

"सर, एकदा जतन केलेलं नाव आता कंपनीच बदलते. समितीचा ठराव लागेल, लेटरहेडवर, शिक्क्यासह. आणि पूर्वी तुमच्याकडं कोणता शब्द वापरात होता त्याचा पुरावा."

"पुरावा कशाला?"

"वाचनालयं दर महिन्याला शब्द बदलायला लागली, म्हणून साहेबांनी नियम केलाय."

हा नियम करणारा माणूस तहसिलीत असता तर माझ्या डोक्यावर बसला असता, इतका तो मला आवडला. म्हटलं, ज्या शहरानं अख्खं स्वतःचं नाव बदललं, तिथं एका रकान्याचं नाव बदलायला किती वेळ लागणार? लागला. पुष्कळ लागला.

ही बातमी गल्लीत फुटली आणि सल्ल्यांची लाट आली. शेजारचे अभय वकील म्हणाले, 'पक्षकार क्रमांक एक आणि दोन' लिहा, उद्या कोर्टात टिकेल. मी विचारलं, कोर्टात कोण जाणार आहे? ते म्हणाले, हल्ली सांगता येत नाही. दूधवाल्यानं 'मालक आणि मंडळी' सुचवलं. समितीची सभा बोलावली, तर कडुबाभाऊ येईनात. शेवटी आले ते केसरबाईंसह. त्या आता स्वतः सभासद झाल्या होत्या आणि पुस्तकांसाठी पिशवी घेऊन आल्या होत्या.

"मुख्य अन् उपमुख्य करा, इषय संपवा," भाऊ म्हणाले.

"उप कोन?" केसरबाईंनी विचारलं. भाऊंनी तो विषय मागं घेतला.

मी 'पालक आणि पाल्य' मांडलं. आपल्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला आलेल्या मोनिकानं विचारलं, "मनकर्णामावशी कुणाच्या पाल्य, सर?" मी तेही मागं घेतलं. वकिलांनी 'जामीनदार' काढलं, तर त्यात पोलिसठाण्याचा वास येतो असं सर्वानुमते ठरलं. दीड तासानं संध्या, जी केवळ माझ्यासाठी डबा घेऊन आली होती, दारातून म्हणाली, "तुम्ही शब्द शोधत नाही आहात. एकाला वर आणि एकाला खाली कसं बसवायचं, तेवढंच शोधताय. दोघांना एकच शब्द का नको?"

 एकच शब्द हवा हे पटलं, पण तो कोणता, हे कुणालाच सुचेना. शेवटी, पुरावा तसाही द्यायचाच आहे तर जुनं रजिस्टर काढून पाहू, असं म्हणून सभा उठली. डबा कडुबाभाऊंनी खाल्ला.

जुनी रजिस्टरं कपाटावर होती. पुराव्याचा फोटो घ्यायला मोनाली आली होती, तिच्यासमोरच मी स्टुलावर चढलो. स्टुलाला तीन पाय चांगले होते. बाकी वर्णन करत नाही. मोनालीनं मला उचललं, नंतर रजिस्टरं उचलली, आणि आम्ही दोघं जमिनीवरच बसून चाळायला लागलो.

खरात मास्तरांचं अक्षर मी लगेच ओळखलं. पहिला रकाना नाव. दुसरा पत्ता. तिसऱ्याचं नाव होतं 'सोबत'. आणि मला एकदम आठवलं. नवा माणूस आला की मास्तर रजिस्टर उघडून विचारायचे, "सोबत कोण आहे?" त्या माणसाच्या बरोबर जो आला असेल त्याची तिथं सही घ्यायचे. पुस्तक परत येईल हे त्यानं बघायचं, इतकाच कायदा. कुठं वडिलांची सही होती, कुठं बायकोची, कुठं शेजाऱ्याची. एका ठिकाणी एका टांगेवाल्यानं सही केली होती. नातं कुणालाच विचारलेलं नव्हतं.

"सर, शब्द मिळाला की!" मोनाली म्हणाली.

मी ऐकत नव्हतो. मी पानं उलटत माझं वर्ष शोधत होतो. त्या दिवशी मास्तरांनी मलाही विचारलं होतं. मी म्हणालो होतो, कुणी नाही. मास्तरांनी टाक खाली ठेवला होता. मी लाजेनं मान खाली घालून उभा होतो. नंतर थोड्या वेळानं त्यांनी टाक उचलला आणि कार्ड दिलं. हुशारी हेरून.

पान सापडलं. राजेंद्र हिवराळे. सोबत: मनकर्णा धोंडिबा म्हस्के. आणि पुढं निळ्या शाईचा अंगठा.

"धूळ गेली का डोळ्यात, सर?"

"नाही," मी म्हणालो. "रडू आलंय."

पुढचं भराभर झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण दोन्ही रकान्यांना एकच नाव यंत्र घेत नाही, असं कंपनीनं कळवलं. मोनालीनं साहेबांना त्या पानाचा फोटो पाठवला, अंगठ्यासकट. साहेबांनी काय पाहिलं कोण जाणे, अकराव्या दिवशी यंत्रानं घेतलं. या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्याच दिवशी तिला कसं तरी वाटलं होतं, आणि मी तिला शासन दाखवलं होतं. आमच्या घरच्या खात्यात आता संध्यासोबत मी आहे आणि माझ्यासोबत ती. वरण वाढलं जातं. केसरबाई आठव्या खुनापर्यंत पोचल्यात आणि खुनी कोण ते भाऊंना आधीच सांगून टाकतात.

शब्द बदलला त्याच संध्याकाळी ते पुस्तक, ते कार्ड आणि जुनं रजिस्टर घेऊन मी मावशींच्या दारात गेलो. त्या जवारीचं पीठ चाळत होत्या. मी पान उघडून समोर धरलं. त्यांनी हात पदराला पुसले, बोट धरून एकेक अक्षर लावलं.

"हा माहा अंगठा हाय," त्या म्हणाल्या. "नाव पयल्यांदा वाचलं म्या."

"मावशी, चाळीस वर्षांत सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? मास्तर म्हनले सोबत कोन. तू खाली पाहत व्हता. म्या तिथंच झाडत व्हते. म्हनलं, म्या हाय, लिवा."

"म्हणून तुम्ही खोलीवर यायच्या."

"मंग? तुहं पुस्तक हारपलं असतं तर मास्तरनं मला इचारलं असतं. तुला राग यायचा, दिसायचं मला. पन पुस्तकं समदे वापस केले तू. एकबी नाय बुडवलं."

दर वार्षिक सभेत मी मास्तरांचे आभार मानले. ज्यांचे मानायला हवे होते त्या मागं उभ्या राहून सतरंज्या गोळा करत असायच्या. हे मी त्यांना सांगितलं आणि माफी मागितली, यंत्राची आणि माझी.  त्या पुस्तकाकडे पाहत होत्या.

"तुमच्या खात्यात सोबत म्हणून माझं नाव घालू?" मी विचारलं. "मेसेज मला येईल."

त्यांनी चाळणी बाजूला ठेवली. "तारीख झाली की खोलीवर येशील?"

"येईन."

"मंग लिव," म्हणाल्या आणि कार्ड उचललं.

पंधरा दिवसांनी, दुपारी, माझा फोन वाजला: 'आपल्या सोबतच्या मनकर्णाबाई यांच्या पुस्तकाची आज तारीख आहे.' मी चपला घातल्या. संध्यानं विचारलं कुठं, म्हटलं कामावर.

दार उघडंच होतं. उंबऱ्याजवळ उजेडात बसून त्या वाचत होत्या.

"मावशी, आज तारीख आहे. पुस्तक काढा."

त्यांनी मान वर केली नाही. ओळीखालचं बोट हललं नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "दोन पानं राहिली. बोट किनाऱ्याला लागू दे."

मी त्यांच्या शेजारी बसलो.